तीस मिली ते एक लिटर

बिअर महोत्सवात एका वेळी ग्लासात किती ओतायचे, हे एकदा ठरले की बाकीचे बरेच काही त्याच्या मागोमाग येते. रांग किती लांब होणार, माणसे बसून राहणार की फिरणार, पैसे प्रवेशाचे घ्यायचे की प्रत्येक ग्लासाचे, शौचालये किती लागणार आणि संध्याकाळी बाहेर पडणारा माणूस कोणत्या अवस्थेत असणार, हे सगळे त्या मापावर अवलंबून असते. जगातल्या नावाजलेल्या महोत्सवांत हे माप एकसारखे नाही. अमेरिकेत डेन्व्हरला ते सुमारे ३० मिली आहे, बेल्जियममध्ये झायथॉस महोत्सवात १५० मिली, ब्रिटनमध्ये १८९ पासून ५६८ मिलीपर्यंत आणि जर्मनीत म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला थेट एक लिटर. पेय एकच, पण सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापात तेहतीस पटींचा फरक.

महाराष्ट्रातल्या बिअर पिणाऱ्याला यातले कुठलेच माप ओळखीचे नाही, कारण इथे हिशेब बाटलीचा असतो. बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा, मलकापूर, खामगाव अशा महामार्गावरच्या गावांतल्या परमिट रूममध्ये किंवा बिअर शॉपीत ६५० मिलीची मोठी बाटली, ३३० मिलीची ‘पिंट’ आणि ५०० मिलीचा टिन, एवढीच मापे चालतात. टेबलावर ग्लास दोन येवोत की चार, बिल बाटलीचेच होते. व्हिस्की-रमचे तसे नाही. ती ३० किंवा ६० मिलीच्या पेगाने मोजून दिली जाते आणि पेगाचे ते माप वैधमापन विभागाने तपासून शिक्का मारलेले असावे लागते. बिअर कारखान्यातूनच मोजून, बूच लावून येत असल्याने ती बारमध्ये मोजण्याची वेळच कधी आली नाही.

ती वेळ आली बिअर नळाने मिळू लागली तेव्हा. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि २०१४ मध्ये मुंढव्यात ‘इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी’ आली. अशा ठिकाणी बिअर तिथेच तयार होते आणि टाकीतून थेट ग्लासात येते, त्यामुळे किती ओतायची हे दुकानदाराला ठरवावे लागते. तिथली एक पद्धत महोत्सवाच्या फार जवळची आहे. लाकडी पट्टीत खाचा पाडून चार-सहा छोटे ग्लास बसवलेले असतात, एका टोकाला गव्हाची फिकट, धुरकट दिसणारी बिअर आणि दुसऱ्या टोकाला भाजक्या मॉल्टची काळी स्टाउट. गिऱ्हाईक प्रत्येकीचे दोन-तीन घोट घेते आणि मग आवडलेल्या बिअरचा मोठा ग्लास मागवते. हा चवीचा ट्रे मोठ्या मैदानावर पसरून मांडला आणि प्रत्येक ग्लासामागे एक वेगळी ब्रुअरी उभी केली, की बिअर महोत्सव होतो.

मापाचा विचार करताना पहिला हिशेब मद्यार्काचा. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार साधी, म्हणजे माइल्ड बिअर ५ टक्क्यांपर्यंत आणि स्ट्राँग बिअर त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत असते. हे टक्के आकारमानाचे. मद्यार्क पाण्याहून हलका असल्याने ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम मद्यार्क निघतो, तर ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाचे यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकामी करते. म्हणजे स्ट्राँगची एक मोठी बाटली शरीरातून पुरती जायला चार ते सहा तास लागतात, मग ती कितीही ‘नुसती बिअर’ असो. याउलट ५ टक्क्यांच्या ३० मिली बिअरमध्ये जेमतेम १.२ ग्रॅम मद्यार्क असतो. असे दहा नमुने चाखले तरी पोटात गेलेला मद्यार्क एका पिंटपेक्षा कमीच. चाखणे आणि पिणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतील तर त्यांच्यामधली भिंत मापच घालते.

म्युनिकला ही भिंत नाही आणि तिथे ती कुणाला नकोही आहे. ऑक्टोबरफेस्टचा उगम १२ ऑक्टोबर १८१० रोजी झालेल्या युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेझे यांच्या लग्नात आहे. त्या सोहळ्यात घोड्यांची शर्यत झाली, पुढच्या वर्षी ती पुन्हा भरली आणि हळूहळू जत्रा वाढत गेली. आज तिथे साठ-सत्तर लाख लोक येतात, पण बिअर मिळते ती म्युनिकच्याच सहा ब्रुअऱ्यांची. चाखून पाहण्यासारखी विविधता जवळजवळ नाहीच, म्हणून लहान मापाची गरजही नाही. लोक तंबूत लांब बाकांवर बसतात, बँड वाजतो, सेविका दोन्ही हातांत मिळून दहा-दहा मग घेऊन गर्दीतून वाट काढतात. काचेचा रिकामा मगच एक किलोहून जड असतो, त्यात एक लिटर बिअर. सहा टक्क्यांच्या आसपासच्या या बिअरच्या एका मगात ४७ ग्रॅम मद्यार्क असतो. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, पण २०२४ मध्ये एका मगाचा भाव १५ युरोच्या घरात पोचला होता. एवढे मोजल्यावर मग पूर्ण भरलेला हवा, यावर तिथला माणूस ठाम असतो. मगावर लिटरची रेघ असते, फेस तिच्या वर हवा आणि बिअर रेघेपर्यंत. पूर्वीचे मग दगडी मातीचे असत. त्यांत बिअर किती आणि फेस किती, ते कळायला मार्ग नव्हता. काचेचे मग आले आणि लबाडी उघडी पडू लागली. कमी ओतण्याविरुद्ध लढणारी एक नोंदणीकृत संघटनाही म्युनिकमध्ये आहे.

लिटरच्या मगाची खरी अडचण चवीची आहे. बिअर थंड असते तोवर तिच्यातला वायू टिकतो. मग अर्धा होईपर्यंत ती कोमट होऊ लागते, शेवटची चार बोटे बिअर बेचव लागते. पण तिथला अनुभव चवीभोवती उभारलेलाच नाही. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या मगाला मग भिडवून गाणे म्हणणे, हा तिथला कार्यक्रम आहे आणि त्याला जड, मोठा, हातात भरून राहणारा मगच शोभतो.

ब्रिटनमधली परंपरा ग्राहक चळवळीतून आली. मोठ्या कंपन्यांच्या वायू भरलेल्या, गाळलेल्या बिअरला कंटाळून १९७१ मध्ये ‘काम्रा’ ही संघटना स्थापन झाली. तिने १९७५ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये बिअर प्रदर्शन भरवले आणि १९७७ पासून ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल सुरू केला. शेकडो छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअर एका छताखाली असल्या, तर अख्खा ५६८ मिलीचा पाइंट घेणाऱ्याला तीन-चार बिअरमध्येच दिवस आटपावा लागेल. म्हणून तिथल्या ग्लासावर एकाखाली एक तीन रेघा असतात: पाइंट, अर्धा पाइंट आणि एक तृतीयांश पाइंट. ही मापे संघटनेने मनाने ठरवलेली नाहीत. पिंपातली बिअर ठरावीक मापांतच विकायची असा ब्रिटनचा कायदा आहे, आणि २०११ पासून त्यात दोन तृतीयांश पाइंटाचीही भर पडली आहे. ग्लास मुद्दाम पाइंटापेक्षा थोडा मोठा केलेला असतो, म्हणजे फेस रेघेच्या वर राहतो आणि गिऱ्हाइकाला बिअर पुरी मिळते. पबमध्ये काठोकाठ पाइंटाच्या ग्लासात फेसही मापात धरला जातो, यावर संघटनेची जुनी तक्रार आहे. स्वतःच्या महोत्सवात तिने ती ग्लास बदलून सोडवली. ग्लासासाठी आत जाताना अनामत भरायची, जाताना ग्लास परत करून पैसे घ्यायचे किंवा आठवण म्हणून तो घरी न्यायचा. दिवसभर एकच ग्लास वापरायचा असल्याने कचराही वाचतो.

डेन्व्हरचा ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल १९८२ मध्ये शेजारच्या बोल्डर शहरात सुरू झाला. चार्ली पपाझियन हे त्याचे संस्थापक. तिथे एकदा तिकीट काढले की कितीही वेळा ग्लास पुढे करा, पैसे पडत नाहीत. प्रत्येक वेळी मिळते मात्र एक औंस, म्हणजे ३० मिलीच्या आसपास. ही दोन कलमे एकमेकांना बांधलेली आहेत. ‘अमर्याद’ तिकिटाबरोबर मोठे माप दिले तर तासाभरात सभागृहाची दशा होईल. लहान माप असले की पाहुण्याला प्रत्येक घोटासाठी चालावे लागते, थांबावे लागते, ओतणाऱ्याशी दोन शब्द बोलावे लागतात. वेग आपोआप कमी होतो. महोत्सवात न पिणाऱ्या सोबत्यासाठी, ज्याने नंतर गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी, स्वस्तातले वेगळे तिकीटही असते. जिभेवरची चव पुसायला काही तरी कोरडे हवे, म्हणून लोक खारट प्रेट्झेल दोऱ्यात ओवून त्याची माळ गळ्यात घालून येतात आणि दोन बिअरच्या मध्ये एकेक तोडून खातात. चकना गळ्यात बांधून फिरण्याची ही तऱ्हा वऱ्हाडात चेष्टेचा विषय होईल, पण खिशातल्या फुटाण्यांनी तेच काम होते. तिखट शेव किंवा मसाला शेंगदाणे मात्र इथे निकामी, कारण मिरचीने पेटलेल्या जिभेला पुढच्या बिअरमधला हॉप्सचा कडवटपणा धड ओळखता येत नाही.

तीस मिलीचे माप कागदावर चांगले दिसते, पण नळाखाली नीट जमत नाही. नळ उघडताच पहिला झोत फेसाचा येतो. मोठ्या ग्लासात तो वर तरंगतो आणि खाली बिअर भरते, छोट्या ग्लासात नुसता फेसच मावतो. म्हणून अशा महोत्सवांत नळाची बिअर आधी जगमध्ये काढतात आणि जगमधून छोट्या ग्लासांत ओततात. त्याने रांग झपाट्याने पुढे सरकते, पण जग टेबलावर पडून राहिला तर बिअर मावळते आणि कोमट होते. गर्दीच्या स्टॉलवर जग मिनिटात रिकामा होतो, तिथली बिअर ताजी असते. ओस स्टॉलवरच्या चांगल्या बिअरला हकनाक वाईट शेरा मिळतो. थोडी बिअर लवकर तापते, हेही आहेच. पातळ प्लॅस्टिकच्या ग्लासातले ३० मिली हाताच्या उबेनेच बिघडतात. पारा ४४-४५ अंशांवर नेणाऱ्या वऱ्हाडातल्या मे महिन्यात उघड्या मैदानावर हे माप चालणारच नाही. डेन्व्हरला ते चालत आले ते बंदिस्त सभागृहात.

नाकाचाही प्रश्न आहे. बिअरची निम्मीअधिक ओळख वासातून होते, आणि वास साठायला बिअरच्या वर ग्लासात रिकामी जागा लागते. दोनशे मिलीच्या, तोंडाशी किंचित निमुळत्या ग्लासात १०० मिली ओतले तर वासही येतो, तापण्याआधी संपतेही आणि तीन-चार घोटांत मत बनवता येते. ५ टक्क्यांच्या बिअरचे हे १०० मिली म्हणजे ४ ग्रॅम मद्यार्क. बेल्जियमने १५० मिलीवर का थांबावे, हे यावरून समजते. तिथल्या अनेक बिअर ८ ते १० टक्क्यांच्या असतात, त्या लिटरच्या मगात द्यायच्या नसतात.

क्रमही मापाइतकाच महत्त्वाचा. फिकट, हलक्या बिअरपासून सुरुवात करून गडद, कडू आणि जड बिअरकडे जावे. उलटे केले तर स्टाउटनंतरची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. दर तीन-चार नमुन्यांनंतर पाणी प्यावे आणि ग्लास विसळावा. ज्या महोत्सवात पिण्याचे पाणी सहज आणि फुकट मिळत नाही, तिथे बाकीची व्यवस्था कितीही देखणी असली तरी आयोजकाला धंदा कळलेला नाही असे खुशाल समजावे.

पैसे घेण्याच्या पद्धतीने पाहुण्याचे वागणे बदलते. एकरकमी तिकीट काढलेला माणूस आत शिरताच पैसे वसूल करायच्या मागे लागतो. कुपनवाला माणूस प्रत्येक ग्लासापूर्वी विचार करतो, पण शेवटी उरलेली दोन कुपने फुकट जाऊ नयेत म्हणून नको असलेले दोन ग्लास घेतो. उरलेली कुपने परत घेणारा आयोजक विरळा. कुपनाची रांग वेगळी, बिअरची वेगळी, खाण्याची वेगळी असे झाले की संध्याकाळ रांगांतच जाते. इथे लहान मापाचा तोटा दिसतो. तेवढीच बिअर प्यायला पाहुणा कितीतरी पट फेऱ्या घालतो, म्हणून काउंटर आणि ओतणारे हातही त्या प्रमाणात हवेत. ५० लिटरच्या एका पिंपातून ऑक्टोबरफेस्टचे मग ५० निघतात आणि ३० मिलीचे नमुने सोळाशेहून अधिक. सांडलवंड धरली नाही तरच, अर्थात.

ओतलेले आणि न प्यायलेले मोठ्या मापात जास्त वाया जाते. नावडती बिअर १५ मिली टाकली तर कुणाला कळतही नाही, पाव लिटर टाकली तर मैदानाच्या कडेच्या बादल्या भरतात. महाराष्ट्रात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण बिअरबरोबर पाणीही वाया जाते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक पट्ट्यात मोठ्या बिअर कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावले होते.

महाराष्ट्रात अशा अनुभवाचे सर्वांत जवळचे उदाहरण बिअरचे नसून वाइनचे आहे. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला सुला विनयार्ड्सच्या आवारात २००८ मध्ये सुलाफेस्ट सुरू झाला. द्राक्षकाढणीचे दिवस, फेब्रुवारीतली सुखद हवा, उघडे रंगमंच, संगीत आणि खाण्याचे स्टॉल अशी त्याची मांडणी. तिथे आलेला माणूस प्रामुख्याने गाणी ऐकायला येतो, वाइन हातात असते. एरवी वाइनरी पाहायला गेलेल्याला मात्र टाकीघर, लाकडी पिंपे दाखवून झाल्यावर चवीच्या खोलीत चार-पाच वाइनचे छोटे घोट दिले जातात आणि प्रत्येकीबद्दल सांगितले जाते. एकाच आवारातले हे दोन अनुभव मापाने वेगळे केलेले आहेत. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या ३० मिली घोटात ३ ग्रॅम मद्यार्क असतो, १५० मिलीच्या ग्लासात जवळपास १५ ग्रॅम, म्हणजे बिअरच्या एका पिंटपेक्षा थोडा जास्त. नाजूक देठाचा ग्लास पाहून वाइन सौम्य समजणाऱ्यांची फसगत इथे होते.

बिअरचा असा सोहळा महाराष्ट्रात कुठेही भरवायचा तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ही तरतूद आजही लागू आहे, बारच्या पाटीवरचे ‘परमिट रूम’ त्यातूनच आले. बिअरसाठी किमान वय २१, कडक दारूसाठी २५. म्युनिकची जत्रा सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते, इथे तिची नक्कल करणाऱ्याला २ ऑक्टोबरचा ड्राय डे मध्येच आडवा येतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली होती. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीला त्यातून वगळण्यात आले, म्हणून नांदुऱ्यासारख्या नगर परिषदेच्या गावात आणि हद्दीबाहेरच्या ढाब्यावर आज नियम वेगळे असू शकतात. शिवाय निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला की त्या भागातले दारूचे दुकान बंद होते. परवानगीच्या कागदांइतकीच ही गोष्ट आयोजकाने लक्षात घ्यायची असते. आवाज, गर्दी आणि परतणाऱ्यांचे वागणे यांवरून गाव महोत्सवाबद्दल मत बनवते.

परतीचा प्रवास हा महोत्सवाचाच भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मध्यम बांध्याच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला मोठ्या बाटलीची गरज पडत नाही, उपाशीपोटी घाईने घेतलेल्या एक-दोन पिंट पुरतात. नांदुऱ्याहून नाशिकला जाणाऱ्याची सोय रेल्वेने आहे. नांदुरा आणि नाशिक रोड ही दोन्ही स्टेशने मुंबई-नागपूर मार्गावरच, भुसावळ-मनमाडवरून सरळ गाडी. फक्त रेल्वेचाही स्वतःचा कायदा आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४५ खाली डब्यात किंवा फलाटावर नशेत सापडलेल्याला गाडीतून उतरवता येते आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.